न उडणारा फ्यूज

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं, पप्पांनी सकाळीच दम दिलाय, पण मावशी, तुम्ही नवरीकडच्याच ना? बदनापूरच्या वऱ्हाडातल्या नाहीत ना? मग ऐका, पण हळू... ती झेंडूच्या माळा घालून उभी आहे ना, आमच्या आजोबांची अँबॅसिडर, तिच्यात बसून आमची शालूताई आत्ता सासरी जाणार आहे, आणि ती गाडी आतून धुमसतेय.

तुम्हाला सांगते, मुळात त्या गाडीला दोनच फ्यूज, काचेचे, करंगळीएवढे. कुठं वायर वायरला चिकटली की फ्यूज वितळणार आणि गाडी वाचणार, इतकं सोपं. पण लग्न ठरलं तसं पप्पांनी एकाच फ्यूजवर पंखा जोडला, गाणी जोडली, खालून निळे दिवे जोडले, मग तो बिचारा रोज उडणार नाही तर काय? मग पप्पांनी काय करावं? शेतातल्या विजेच्या डीपीवरचा फ्यूज सारखा उडायला लागला की आमचं सगळं गाव जे करतं तेच. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवली. म्हटलं, पप्पा, आता हा उडायचाच नाही. तर म्हणतात, "मंग? तेच तर पाह्यजे ना आपल्याला."

परवा वायपरची मोटार जळाली, फ्यूज शाबूत. काल हॉर्न दाबला तर सीटखालून धूर आला, फ्यूज शाबूत. आईनं विचारलं, "जळल्याचा वास कशाचा येऊन राह्यला?" तर पप्पा म्हणाले, "उदबत्ती लावली गाडीत."

मी पाहुण्यांना पाणी द्यायलासुद्धा घाबरते, तरी धीर करून बॉनेटमध्ये डोकं घातलं. पाहते तर सगळ्या वायरी लाल. पप्पांचे मित्र पुंजारामकाका एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांनीच एकाच रंगाच्या वायरीनं अख्खी गाडी नव्यानं ओवलेली. कोणती कुठं जाते विचारलं तर म्हणतात, "बाई, करंटला रंग दिसत न्हाई, तो बराबर जातो." मी गुपचूप काचेचा फ्यूज परत बसवला, तर पप्पांनी किल्ली फिरवताच तो उडाला, आणि पप्पा म्हणाले, "पाह्यलं? खराबी फ्यूजातच हाये."

शालूताईला सांगितलं, तर ती मेंदी वाळवत म्हणाली, "आजोबांनी मला शब्द दिल्ता, याच गाडीत पाठवीन म्हणून. ते तर गेले. तू गप." नवरदेवाला सांगावं तर पप्पांची मान खाली, आणि न सांगावं तर बदनापूरपर्यंत... जाऊ द्या. शेवटी डॅशबोर्डखालची एक वायर सापडली, ती उपटली की सगळंच बंद, धूरसुद्धा. मघाशी पप्पांना दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, म्हणाले, "बिलकुल बराबर." मला वाटलं, चला, आता दुसरी गाडी बोलावतात...

"आकांक्षे, कुठं गेली? जल्दी ये. पाठराखीण म्हणून तूच चाल ताईसंगं. पुढं बस, ती वायर हातात धर, अन् धूर निघाला की उपट."

आले पप्पा... बघा मावशी, गाडीला शेवटी फ्यूज मिळाला, दहावी ब मधला, आणि आता सगळ्या बायका ताईच्या गळ्यात पडून रडतील तेव्हा मी मात्र डॅशबोर्डखाली वायर धरून धुराची वाट बघत बसलेली असेन.