पावर मोजल्याबिगर लावाचं नाही

अन् मी मांगलं काय होतं? इतकंच ना, का बापू, मले जरासं अंगठ्याले लावू द्या! पण नाही! जावई म्हणे, "आई, पावर मोजल्याबिगर लावाचं नाही!"

तुमाले सांगतो, कापूस येचून येचून या पंचफुलाच्या बोटाची चाळणी झाली. रेशनच्या मशिनीवर अंगठा ठेवला का मशीन म्हणते, तू पंचफुला नाहीच! मंग कोण हाव मी? दुकानदार म्हणे, "मावशी, शनिवारपर्यंत अंगठा नरम करून आण, नाहीतं या महिन्याचा गहू गेला." म्हणून पोरीनं, मैत्रेयीनं, यवतमाळहून बाटली आणली. ओझोन घातलेलं ग्लिसरीन, एवढुशी बाटली! झाकण उघडलं... तं आमचे जावई अश्वजितबापू, आर्णीले कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, हात आडवा घालून उभे! "ओझोन तं कवाचाच उडून जाते, आई. त्यानं ग्लिसरीनमधी मांगं काय ठेवलं, थे मोजा लागते." आता जावयाले नाही म्हणता येते काय?

झालं! गिलासात कॉलेजातून आणलेलं औषध, त्यात माहं ग्लिसरीन, पाणी पिवळं. भाताची पेज टाकली, तं निळंशार! मंग दुसरं औषध थेंबथेंब, रंग जायेपर्यंत... जितके थेंब जास्त, तितकी पावर जास्त. बापू खूश. मी अंगठा पुढं केला...

तं मैत्रेयीचे बाबा उठले! जल्मभर व्यापाऱ्यानं यांच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून बुडाचा कापूस काढला, भाव पाडला, त्याचा बदला आता बाटलीवर! "वरतं चांगलंच दाखवते, बुडातलं मोजा!" मोजलं. शेजारची सोनीबाई आली, "अन् मधातलं?" थेही मोजलं! अरे, बियाणं बोगस निघालं तवा कुठं गेलता तुमचा गिलास? बोंडाबोंडात अळी नाचली, तवा कोणं थेंब मोजले? तवा म्हणे, पाकिटावर छापलं हाय ना! अन् माह्या अंगठ्यापुरतं मात्र... पावर मोजल्याबिगर लावाचं नाही! असा राग आला मले!

बापूनं बाटली उलटी केली, होतं थे सारं गिलासात. "आई, खालीवर सारखी पावर! एक नंबर माल!" साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बोटं ठणकत होती तरी.

शनिवारी गेली रेशनवर. मशीन म्हणे, पंचफुला नाही. गहू गेला. घरात मूठभर तांदूळ होते, थेच शिजवले... अन् पेज बापूसाठी काढून ठेवली. दुसरी बाटली येऊन राह्यली ना!