टेकडीचा रस्ता सुरू आहे

पूर ओसरला होता. टँकरच्या रांगेत मावशींच्या पुढे रेडिओवरची मुलगी आणि तिला बातम्या द्यायला शिकवणारे सर उभे होते. आवाज मावशींनी लगेच ओळखला.

"सर, टेकडीचा रस्ता सुरू असल्याचं मी सकाळी स्वतः पाहिलं होतं."

"आणि दुपारी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलंस. कधी पाहिलं, तेही सांगायचं असतं, अगं."

"तोवर तो खचला होता. लोक माझ्या भरवशावर निघाले. उद्यापासून मी बोलणार नाही."

"मग मी बोलू? माझा घोगरा आवाज ऐकून लोक हसतील."

"हसू देत. मरणार तरी नाहीत."

"पोरी," मावशी म्हणाल्या, "माझा मुलगा त्याच रस्त्याने निघाला होता."

"मावशी..."

"सून अजून पलीकडेच आहे. रेडिओ उशाशी घेऊन बसली असेल. उद्या बोल. तिला सांग, निघू नकोस."