मेश्रामजींची पूर्ण धावपट्टी

मंडळी, वैनी, आणि मंचावर बसलेले आपले विमानतळाचे साहेब,

बोलायला उभा तर राहिलो. ज्या माणसाच्या शेजारी विमानतळाच्या टॉवरमध्ये विमानं सोडण्यात उभी हयात काढली, ज्याच्याशी रोज भांडलो, त्याच्या हार घातलेल्या फोटोपुढे काय बोलायचं? मेश्रामजी असते तर म्हणाले असते, "बोल ना बे, माईक समोर हाय अन् गप काहून उभा?"

मागच्या आठवड्यात ड्यूटीवरून घरी आले, वैनींना पाणी मागितलं, आणि पेला हातात यायच्या आत गेले. दुःख आहेच. पण खरं सांगू का मंडळी, आज मला दुःखापेक्षा भीती जास्त वाटतेय. ती मी बोलणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

आपण वसाहतीतले, आपल्याला ठाऊक आहे. पण सदरहून, काटोलहून पाहुणे आलेत, त्यांना सांगतो. आपल्याकडं विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून सावकाश चालत येतं ते या हॉलमागच्या पाण्याच्या टाकीपाशी धावपट्टीला मिळतं. म्हणजे अगदी मध्यावर. तिथं थांबतं, टॉवरला विचारतं. मग दोन वाटा. डावीकडं वळायचं, धावपट्टीवरूनच उलटं पार बाभळींच्या टोकापर्यंत जायचं, तिथं तोंड फिरवायचं आणि पूर्ण लांबी घेऊन धावायचं. नाहीतर टाकीपाशीच उजवीकडं वळायचं आणि निघायचं. याला इंटरसेक्शनवरून जाणं म्हणतात. वेळ वाचतो. अर्धी धावपट्टी मात्र मागं राहते.

नियमात हे बसतं. खोटं कशाला बोलू? वैमानिकानं आपला हिशेब करावा, स्वतः मागावं. टॉवरनं पुढं किती धावपट्टी उरते ते सांगावं, आणि त्यानं ते परत म्हणून दाखवावं. मेश्रामजींचं म्हणणं एवढंच होतं, की मागायचं त्यानं. टॉवरच्या तोंडून ते आधी निघता कामा नये. म्हणायचे, "आपण बोललो का त्याले वाटते, टॉवर म्हणून राहिलं तर पुरत असन. मंग तो हिशेबच करत नाही."

आणि आपला मे महिना! हवा अशी विरळ होते की भरलेलं विमान जमीन सोडायला मागत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारच्या विमानाला मेश्रामजींचं एकच वाक्य. बॅकट्रॅक, फुल लेंथ. म्हणजे उलटं टोकापर्यंत जा, पूर्ण लांबी घे. रोज तेच. एकदा एका वैमानिकानं रेडिओवरच दम दिला, तुमची तक्रार करतो म्हणून. यांनी आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग बटण सोडलं आणि माझ्याकडं वळले. "काहून गा इतकी घाई? अर्धी धावपट्टी मागं सोडून जाऊन राहिला. जावयाले आंदण द्याची हाय का?" आम्ही हसलो. विमान मुकाट टोकापर्यंत गेलं.

आणि झालं काय? काही नाही. इतक्या वर्षांत काही म्हणजे काही झालं नाही.

साहेब, परवा तुम्ही हेच म्हणालात. "इतक्या वर्षांत काही झालं का? मग उगाच विमानं अडवायची कशाला?" तेव्हा दुःखाचं घर होतं म्हणून सोडून दिलं. आज विचारतो. दाराला कडी होती म्हणून चोर आला नाही, तर आता कडीच काढून टाकायची का? काही झालं नाही, हीच तर त्या माणसाची कमाई होती हो!

राख निवली नाही तोच सुरू झालं. आधी आपणच वैमानिकाला विचारू लागलो, इंटरसेक्शनवरून जाता का? मग विचारणंही सुटलं, थेट टाकीपासूनच पाठवू लागलो. पुढं किती उरली हे सांगणंही सुटलं. काय, तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

काल वैनींनी मला विचारलं, "भाऊजी, आजकाल इमानं टाकीमागूनच काहून उठून राहिले जी?" नवरा गेलेली बाई, चुलीपाशी बसून तिच्या कानाला कळलं. 

आता शेवटचं. सुनंदा, त्यांची लेक, मघापर्यंत इथंच बसली होती. बापाबद्दल चार शब्द बोलणार होती. पण साहेबांना यायला उशीर झाला, सभा लांबली, आणि तिचं लेकरू तिकडं मुंबईत तापानं फणफणलंय. निघताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, पोचल्यावर तुमच्या घरी फोन करते, आईले सांगजा." ती आजच्या, या मे महिन्यातल्या दुपारच्या विमानात बसली आहे. मी टॉवरला फोन लावला. म्हटलं, आजचा दिवस तरी टोकापर्यंत पाठवा. तिकडून उत्तर आलं, पाहतो.

ते पंखे बंद करा जरा. हो, दोन्ही.

येतंय, ऐकू आलं? टॅक्सी करत येतंय. टाकीपाशी आलं. थांबलं.

मंडळी, उठा. साहेब, तुम्हीही उठा. वैनी, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं कुणी एक शब्द बोलायचा नाही. मेश्रामजींना दुसरी श्रद्धांजली मला येत नाही. नुसतं ऐकायचं. आवाज बाभळींकडं लांब गेला, तर त्यांचा शब्द अजून कुणीतरी पाळतंय असं समजा.

मेश्रामजी, जय भीम.

आणि आवाज इथंच, टाकीमागंच वाढायला लागला, तर कुणीतरी वैनींचा हात धरा.