डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं हिला

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "भिंग कोणतं निवडलंत?" म्हणजे जणू डोळा माझाच! तुम्हाला सांगतो, मोतीबिंदू आमच्या हिला, पण वही घेऊन अभ्यासाला कोण बसलं? मी. एका अंतराचं भिंग लावलं तर चष्मा सुटत नाही, तीन अंतरांच्या भिंगात दिव्यांभोवती कडी दिसतात, मधलं जे आहे ते लांबचं झकास दाखवतं, ओट्यावरचंही दाखवतं, अगदी जवळचं तेवढं अंधुक... रकाने आखले होते मी, लाल शाईनं! आणि डॉक्टरीणबाईंनी हिला, माझ्याकडे न बघता हिला, विचारलं, "दिवसभर काय काम करता?" हिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "छे, ती काही करत नाही. घरीच असते."

चूक माझीच.

अहो, एकतीस वर्षं ही बाई खिडकीशी बसून रफू करते! लोकांच्या कोटांची, शालींची भोकं अशी बुजवते की नंतर मालकालाही सापडत नाहीत. आणि मी काय म्हणालो? काही करत नाही. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

झालं, एका डोळ्याला बसवलं मधलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं दिसायला लागली तिला, खोलीच्या त्या टोकावरून माझ्या कानातले केस दिसायला लागले... मी खूश, रकाने बरोबर आले म्हणून! महिन्याभरानं तिनं एक करडा कोट मांडीवर घेतला. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा, आणि सुईचं नाक काही सापडेना. कोटाची घडी घातली, बाजूला ठेवला. भांडली असती तर बरं नसतं का झालं?

चूक माझीच, म्हणून सुया ओवायला मी बसलो. रोज सकाळी बारा. तेव्हा कळलं, करडा हा एक रंग नसतो, तिच्या दोऱ्यांच्या डब्यात सात करडे आहेत... एकतीस वर्षं एका घरात राहून मी तो डबा उघडला नव्हता.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी ओठ शिवून बसलो. बाईंनी तेच विचारलं. ही म्हणाली, "मी रफू करते. वीतभरावरचा एकेक धागा दिसला पाहिजे. लांबचं राहू दे, लांबचं हे सांगतात."

त्या डोळ्याला जवळचं भिंग बसलं. आता दोन्ही मिळून जमतं तिला, कोटही झाला. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही, अजूनही नाही, आणि तोच तर जाच आहे... चूक माझीच, पण इतका धसका घेतलाय मी, की परवा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठला दुखतोय?" तर दात माझा, आ वासून बसलेलो मी, आणि बघतोय कुणाकडे? हिच्याकडे!

ही म्हणाली, "डावीकडचा, शेवटून दुसरा. गुरुवारपासून."

बरोबर होतं हो.