शिनोलीच्या नावाने चढवलेली पिशवी

जबाब देणार: सौ. मोहनबाई इंदरचंद भटेवरा, वय ५८ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, रा. बाजारपेठ, आळे, ता. जुन्नर, जि. पुणे.

मी वरील ठिकाणी पती, मुलगा अंकित व सून खुशबू यांच्यासह राहते. आज ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मंगळवारी दुपारी एक वाजता अंकितने रक्तपेढीतून आणले ते असे: ओ पॉझिटिव्ह रक्ताची पिशवी एक, नंबरचे शेवटचे आकडे ४१७, रुपये १५५०. बर्फाच्या डब्याची अनामत रुपये २००. रिक्षा रुपये १८०. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

खुशबूचे सोमवारी ऑपरेशनने बाळंतपण होऊन तिला मुलगी झाली. रक्तस्राव फार झाला म्हणून रक्त सांगितले होते. रुग्णालयाचे नाव माझ्या अर्जात दिले आहे. सिस्टर मोहिनी यांनी पिशवी वॉर्डातल्या साध्या फ्रिजमध्ये, स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली आणि चिकटपट्टीवर पेनाने ‘आळे’ लिहिले. तिथे पेशंटला गावाच्या नावानेच ओळखतात. फ्रिजमध्ये इडलीचे पीठ उतू जाऊन आधीच्या पिशव्यांवर ओघळून वाळले होते. ते मी पाहिले, तरी आमची पिशवी तिथेच राहू दिली.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टर मोहिनी पिशवी घेऊन आल्या व दारातूनच म्हणाल्या, “शिनोली कोण, शिनोली?”

मी म्हणाले, “आमचीच.”

आमच्या घरात सुनेला माहेरच्या गावाने हाक मारतात. लग्न होऊन आल्यापासून मी खुशबूला शिनोलीवालीच म्हणते. सिस्टरांनी नाव विचारले नाही, फाईल पाहिली नाही, मनगटावरची पट्टी पाहिली नाही. पिशवी लावली.

समोरच्या खाटेवरच्या गोजरबाई, वय अंदाजे साठ, रा. शिनोली, ता. आंबेगाव, म्हणाल्या, “अवं बाई, शिनोलीची तर म्या हाय.”

सिस्टर जाता जाता म्हणाल्या, “मावशी, तुमचं उद्या. झोपा.”

मी गोजरबाईंना सांगितले, “हिचं माहेर शिनोली.”

“कुनाची म्हनायची?”

“किराणावाल्या कटारियांची.”

“आत्ता! दुकानदाराची व्हय? म्हंजी आमचीच लेक की. बापाचा डोळा चुकवून पोरास्नी गोळ्या वाटायची लई.”

खुशबूही हसली. या बोलण्यात दहा-बारा मिनिटे गेली. रक्त चालूच होते.

मग खुशबू म्हणाली, “मम्मीजी, कंबर फुटतेय माझी.” तिला हुडहुडी भरली. मी सिस्टरांना बोलावले. त्या म्हणाल्या, “रक्त चढताना थंडी वाजतेच, काकू,” आणि आणखी एक ब्लँकेट टाकून गेल्या. आलेला माल पावतीशी ताडून पाहण्याची मला सवय आहे. ती मी पिशवी लावण्याआधी वापरली नाही, हुडहुडी भरल्यावर वापरली. पिशवीवर शेवटचे आकडे ३९२ आणि गट बी पॉझिटिव्ह. चार वाजून पाच मिनिटांनी मी स्वतः नळीचे चाक फिरवून रक्त बंद केले. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टरांना न विचारता हात कसा लावला?”

डॉक्टर पाऊण तासाने आले. तोवर खुशबूची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. तिला पुण्याला हलवायचे ठरले. सिस्टरांनी पिशवी काढून पिवळ्या बादलीत टाकली. त्या बादलीत कापूस, ओकारी आणि वडापावचे कागद होते. मी हात घालून पिशवी वर काढली. आम्ही सूर्यास्तानंतर पाणी पीत नाही, कांदाही घरात आणत नाही, आणि त्या पिशवीतले रक्त माझ्या कोपरापर्यंत आले. बाहेरच्या रसाच्या गाडीवरून बर्फ घेऊन मी ती नळीसकट स्टीलच्या डब्यात घरी नेली. तेव्हापासून माझ्या फ्रिजमध्ये दुसरे काही नाही. दूध शेजारी ठेवते.

बुधवारी मी रक्तपेढीत गेले. तेथील बाई म्हणाल्या की, त्रास झाला तर उरलेली पिशवी, पेशंटचा नवा नमुना आणि भरलेला फॉर्म त्याच दिवशी परत यायला हवा, म्हणजे चूक कुठे झाली ते कळते आणि पुढच्याला होत नाही. त्यांच्याकडे काहीही आलेले नव्हते. खुशबूच्या फाईलमधल्या रक्ताच्या कागदावर दोन सिस्टरांनी तपासून सह्या करायच्या असतात. तिथे दोन्ही सह्या एका शाईच्या आणि एका वळणाच्या आहेत. त्याचा फोटो अंकितच्या मोबाईलमध्ये आहे.

त्याच दिवशी रुग्णालयाचे व्यवस्थापक सुनील यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. म्हणाले, “काकू, शिनोली कोण म्हणालं? तुम्हीच ना? अख्ख्या वॉर्डाने ऐकलंय.” मी हो म्हणाले. मग त्यांनी एक कागद पुढे केला. पेशंटला मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून होता, असे त्यात लिहिले होते. “सही करा, सगळं बिल माफ. घरची अब्रू घरात.” मी सही केली नाही. चहा न घेता उठले.

गोजरबाईंना अद्याप कोणी काही सांगितलेले नाही. त्यांची पिशवी कुठे गेली हे त्या विचारतात, तेव्हा ‘खराब निघाली’ असे सिस्टर सांगतात.

खुशबू पुण्यात डायलिसिसवर आहे. काल चाळीस मिली लघवी झाली, आज सकाळपर्यंत एकशे दहा. तेथील डॉक्टरांना कोणते रक्त किती गेले हे लेखी हवे आहे. रुग्णालय देत नाही. सबब डबा पंचांसमक्ष सील करून पिशवी तपासणीस पाठवावी आणि वॉर्डाचे रजिस्टर रुग्णालयाने नव्याने लिहून काढण्याआधी ताब्यात घ्यावे.

जबाब लिहून झाल्यावर मी तो स्वतः वाचला. ‘आमचीच’ हे बोलणे तुमच्या विरुद्ध जाईल, वगळू का, असे हवालदार साहेबांनी विचारले. वगळू नये असे मी सांगितले. ते माझ्या तोंडचे आहे. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

तपासणीचे उत्तर फोनवर देऊ नये. फोनवरचे लोक नंतर नाकारतात. शिक्क्यानिशी, उलट टपाली कळवावे. एक प्रत मला आणि एक शिनोलीला गोजरबाईंना.