कातळावर वाहून आणलेली माती

मी मूळची नाते गावची. दासगावात लग्न होऊन आले तेव्हा सासरची जमीन म्हणजे परसातला उघडा कातळ, पावसात शेवाळायचा नि उन्हात पाय भाजायचा, बाकी काय नाय. मला आयतं कुणी काय दिलं नाय, जे केलं ते हातांच्या नि तोंडाच्या जोरावर. खोताकडे गेले, म्हटलं, टेकाडावरची तुमची पडीक पट्टी भाजीला द्या, हंगामाची पहिली पाटी तुमच्या दारात. ते हसले, म्हणाले, घे गो, तिथे कुसळसुद्धा येत नाय.

खरंच नाय आलं, आणि चूक माझीच, सांगते ना. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी जमिनीवर शेण-पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मी भाजीलाही तोच राब केला, दोन वर्षं केला, दोन्ही वर्षं वांगी करपली. पण पाल्याचा एक ढीग बांधाकडेला जाळायचा राहिला होता, तो कुजला, नि त्यावर कुणी न लावलेला भोपळ्याचा वेल हा एवढा चढला. हात घातला तर आत काळी भुसभुशीत माती आणि गांडुळंच गांडुळं. काय सांगू तुम्हाला, कपाळाला हात लावला. मातीनं खायचं ते मीच जाळत होते!

मग काडी लावली नाय. पाला कुजवला, शेण टाकलं, पूर ओसरला की सावित्री नदीचा गाळ डोक्यावरून टेकाडावर नेला. बायका म्हणायच्या, अगो, भाजी विकतेस की चिखल? सहा पावसाळ्यांनी कोपरापर्यंत हात जाईल एवढी माती झाली. महाडच्या बाजारात कुणी भाव पाडायला लागलं की मी म्हणायची, ठेव खाली, दुसरीची खा नि उद्या परत ये. यायचीच.

तेवढ्यात कूळकायद्याचा बोभाटा झाला, कसेल त्याची जमीन. खोताला धास्ती, सातबाऱ्यावर हिचं नाव चढेल. देवळापुढे चार माणसं बसवून म्हणाले, पट्टी सोड. म्हटलं, आणि माझी माती? ते ओरडले, जमीन माझी हाय, तू आणलंस ते घेऊन चालती हो. एरवी मी तिथेच भांडले असते, पण आवाज खाली आणला. म्हटलं, पंचांनो, ऐकलंत ना, आणलेलं सगळं? खोत म्हणाले, सगळं, काय ठेवू नकोस.

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेले. शिमग्यापासून पावसापर्यंत पाटी पाटी माती उचलून परसातल्या कातळावर टाकली. खोत धावत आले, अगो, हे काय चालवलंयस? म्हटलं, तुमचे दगड तुम्हाला ठेवलेत, बघून घ्या. पंचांतल्या एकाला हसू आवरेना.

तुम्हाला वाटेल, जिंकली बाई. कसली जिंकली? उन्हात गांडुळं मेली, माती नुसती धूळ झाली, पुन्हा तीन वर्षं तिला पाला भरवत बसले. तो राग अजून गेला नाय. आता परसात वांगी हायत, पडवळ हाय, कुणाच्या बापाचं काय नाय. पण दर उन्हाळ्यात समोर टेकाडावर खोताच्या राबाचा धूर उठतो. तिथे भाजी धरत नाय, तरी जाळतोच हाय. धूर दिसला की डोकं फिरतं, त्या माणसासाठी नाय हो, त्या पाल्यासाठी. देव त्याचं भलं करो, पण काडी लावायच्या आधी एकदा माझ्या दारात ये म्हणावं. भांडेन पोटभर, पण सांगेन.