म्हातारा काय खूश व्हईना!

...आन वर बूट काढायला लावायचं! आवं, सतरा वर्सं नोकरी झाली माजी, बर्फात बूट उतरला न्हाई, वाळवंटात उतरला न्हाई, आन त्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना देवळागत बूट बाहेर! का, तर म्हणं त्याला धूळ चालत न्हाई. सगळ्या कॅम्पात एसी एकच, त्यो बी त्यालाच. आमी बाहेर उन्हात करपतोय, आन ते डबडं गारव्यात बसलंय! तुमास्नी सांगतो, त्याचंबी मला काय वाटलं नसतं... पर आतला त्यो म्हातारा काय माज्यावर खूश व्हईना!

कोण म्हातारा? सांगतो की. मी हवालदार आकाराम, गाव वडूजपास्नं चार मैल आत. साल त्र्याण्णव. आमच्या पलटणीला हुकूम आला, सोमालियाला जायचं, शांतिसेनेत. म्हंजे बंदूक घ्यायची, पर गोड बोलायचं! गावोगाव पाण्याचा टँकर न्यायचा, लोकांस्नी वाट इचारायची. आता त्यांची भाषा कुणाला येतीया? तर आमचं कॅप्टन मुकुलसाहेब, मूळ वाईचं, लय हुशार. त्यांनी एक खेळच बनवला कॉम्प्युटरवर. पडद्यावर गाव, झाड, झाडाखाली चौकोनी नाकाचा म्हातारा. बटनं दाबून आपला शिपाई चालवायचा, त्याच्याजवळ जायचं, रामराम करायचा, वाट इचारायची. जे बोलायचं ते मोठ्यानं बोलायचं, आन साहेब शेजारी बसून ऐकणार, चूक-बरोबरचं बटन दाबणार. म्हातारा हसला की पास. पास झाला त्योच इमानात!

पयल्या दिवशी म्या काय केलं, पाण्याचा डबा पुढं केला. म्हाताऱ्यानं पाठच फिरवली! टूंऽऽ! पडदा लाल. साहेब म्हणालं, "आकाराम, डावा हात पुढे केलात. तिकडे तो अपमान समजतात."

बरं, दुसऱ्यांदा उजवा हात. "नबद" म्हणायचं, म्हंजे शांती असू दे. माज्या तोंडातनं निघालं "नाबाद"! साहेब म्हणालं, "हवालदार, ही क्रिकेटची कॉमेंट्री नाही." टूंऽऽ! तिसऱ्यांदा शिपायाचा काळा चष्मा काढायचा राह्यला, डोळं दिसल्याबिगर म्हातारा बोलंना. चौथ्यांदा म्या आपलं आपुलकीनं इचारलं, घरची मंडळी बरी हायती का? आपल्याकडं इचारतोच की! तर तिकडं म्हणं परक्यानं बायकोची चौकशी करायची नसती. टूंऽऽ! म्हातारा काय खूश व्हईना!

आन पाचव्यांदा तर कहर झाला. सगळं नीट केलं, घाम फुटला पर केलं. इचारलं, ह्या वाटंनं जाऊ का? म्हातारा म्हणाला, "माया, माया." म्या म्हणलं, वा! किती जीव लावतोय! आन घातला की टँकर पुढं... ढुम्म! सुरुंग! टँकर गेला, मी गेलो, आख्खी सेक्शन गेली. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, त्यांच्या भाषेत माया म्हणजे नाही!"

आता सांगा, ज्या भाषेत मायेचा अर्थ न्हाई असा व्हतोय, तिथं माणसानं कसं वागायचं? त्या दिवसापास्नं माजी झोप उडाली. गोळीची भीती न्हाई वाटायची, तुमास्नी खरं सांगतो. भीती ह्याची, की माज्या एका चुकीच्या शब्दापायी आठ पोरं जातील. अकरा बार नापास झालो. अकरा!

सुट्टीवर गावी आलो तर बनुबाईला, म्हंजे आमच्या मंडळींस्नी, म्हणलं, "तू म्हातारा हो, मला सराव करायचाय."

ती म्हणाली, "तुमच्यासंगं संसार करून निम्मी झालीच हाय. बोला."

लिंबाखाली बसली पदर सावरून. म्या चष्मा काढला, उजवा हात छातीवर, "नबद!" म्हणलं, "ह्या वाटंनं जाऊ का?"

तर ही म्हणती, "आधी गिरणीत जावा, दळण पडलंय सकाळपास्नं!"

म्या म्हणलं, "आगं, असं न्हाई, तू एकतर हसायचं, न्हाईतर पाठ फिरवायची."

ती हसली न्हाई, पाठबी फिरवली न्हाई. मग हळूच म्हणाली, "आन तिथं खरंच चुकलं तर? तिथं काय पुन्यांदा पयल्यापास्नं सुरू व्हतंय व्हय?"

काय सांगू, म्या दळणाचा डबा उचलला आन गिरणीची वाट धरली.

शेवटी माणसं कमी पडली म्हणून मला नापासच नेलं! तिथं दुसराच आठवडा. टँकर आमचा, चालवतोय आटपाडीचा कृष्णात, शेजारी मी, मागं सहा पोरं. कच्ची वाट. आन झाडीतनं एक म्हातारा धावत सुटला की आमच्याकडं! काठी वर, डोळं मोठं, वरडतोय, "माया! माया!"

कृष्णात हसला. "बगा हवालदारसाब, कसा जीव लावतोय! टाटा करा त्याला."

म्या वरडलो, "ब्रेक दाब! ब्रेक!" गाडी कचकन थांबली. उडी मारून उतरलो, आन सगळं इसरलो! चष्मा डोळ्यावर, नबद न्हाई न्‌ फिबद न्हाई, उजव्या हातात रायफल म्हणून डावाच हात पुढं केला. म्हंजे अकरा येळा जे चुकलो, ते सगळं एका दमात!

तर म्हाताऱ्यानं माजा डावा हात दोन्ही हातांनी गच धरला. मग एक हात सोडून काठीनं दावलं, पुढं पंधरा पावलांवर माती ताजी उकरलेली. सुरुंग! मागनं सुरुंगवाली तुकडी आली, त्यांनी काढला. तवर आमी दोघं वाटंच्या कडंला बसलेलो, पोरं टँकरचं पाणी गावाला वाटत हुती. आन त्या बाबानं खुणा करून मला काय इचारावं? घरी बायको हाय का, पोरं किती! म्या तीन बोटं दावली. तवा हसला. आवं, खराखुरा हसला!

साहेबांस्नी कळलं, त्यांनी पाठ थोपटली. म्या म्हणलं, "सायेब, मग आता पास?"

"हवालदार, तुमचं काम फार मोठं. पण खेळातला निकाल वेगळा, तो कसा बदलणार?"

परत आलो, तर नव्या तुकडीला शिकवायला मलाच त्या खोलीत बसवलं. इस्लामपूरचा एक नायक, अर्जुना त्याचं नाव, बसला. पाच मिंटांत म्हातारा हसला! अर्जुना म्हणतो, "लय सोप्पं हाय की ओ! तुमी कितव्या खेपंला पास झालता?"

म्या त्याचा कागद पुढं वढला, आन 'पास' लिहून खाली माजी सही केली.